डेरेक जिना उतरतो

आमच्या ह्यांचं नाव धीरजलाल. इंग्लंडातल्या ह्या अल्मा स्ट्रीटवरच्या लोकांची जीभ काही तेवढी वळली नाही, म्हणून एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालापासून ते डेरेक, आणि मी जसुमती ती जेसी. एकेचाळीस वर्षं एखाद्याला भलत्याच नावानं हाक मारायची आणि मग टीव्हीवर डोळे पुसत सांगायचं, की डेरेक म्हणजे आमच्या घरातलाच माणूस. घरातला म्हणे. घरातल्या माणसाचं नाव तरी ठाऊक असतं.

सगळं त्या जिन्यावरून झालं, म्हणून आधी जिना सांगते. आमचं दुकान गल्लीच्या कोपऱ्यावर. खाली दुकान, मागे मालाची खोली, चहापुरती शेगडी आणि परसात संडास; वर दोन खोल्या आणि न्हाणीघर. मधे तेरा पायऱ्या, उभ्या चढाच्या, आणि इतक्या अरुंद की हातात खोकं असलं तर अंग तिरकं करूनच जावं लागतं. ह्या पायऱ्या ह्यांनी दिवसातून वीस वेळा चढल्या. मग फुप्फुसांनी दगा दिला. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी आधी चित्रं दाखवली, मग गोड शब्दांत समजावलं, आणि मला काही कळत नाहीये असं वाटल्यावर सरळ सांगितलं, की ह्यांना जिना नको. एखाद दिवशी मधल्याच पायरीवर श्वास अडकला, तर रुग्णवाहिका येईपर्यंत सगळं आटोपलेलं असेल.

त्या दिवसापासून हे मालाच्या खोलीत झोपायला लागले. एका बाजूला वेफर्सची खोकी, दुसऱ्या बाजूला मांजरांच्या खाण्याचे डबे, मधे घडीची खाट. खिडकी नाही. आठवड्यातून दोनदा अंघोळीला मात्र वर जावंच लागायचं. मी मागून हात लावून उभी, हे पुढे, दर तिसऱ्या पायरीवर बसायचं. वर पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असे. आणि हे वर बसून, धाप लागलेली असताना, मला विचारायचे की खाली गल्ल्याला कुलूप लावलंस ना.

तेव्हा मी ठरवलं, विकायचं. मोरकॅमला समुद्राजवळ एक बैठं घर बघून ठेवलं. दारात पायरीसुद्धा नाही, न्हाणीघर झोपायच्या खोलीला लागून. घरमालकीण विधवा बाई होती, माझ्यासारखीच दमलेली. म्हणाली, ऑगस्टअखेरपर्यंत थांबते तुमच्यासाठी. दुकानालाही गिऱ्हाईक मिळालं. काशा नावाची पोलंडची मुलगी, कुत्र्यांचे केस कापायचं दुकान काढायचं होतं तिला. मला आधी हसू आलं. पण मुलगी चोख होती, बँकेचं कर्ज मंजूर झालेलं, आणि आमच्या गल्लीत माणसांपेक्षा कुत्र्यांचेच लाड जास्त. मार्च महिन्यात मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली, की उन्हाळा संपला की आम्ही चाललो.

काय सांगू, लोकांना केवढं दुःख झालं. जी माणसं वर्षानुवर्षं शनिवारी गाडी भरून मोठ्या बाजारातून सामान आणतात आणि आमच्याकडे फक्त पावाला बुरशी आली की येतात, तीसुद्धा काउंटरला टेकून सुस्कारे टाकायला लागली. सगळ्यात मोठा सुस्कारा फिलिपाचा. ही लंडनहून आठ वर्षांपूर्वी आली. कोपऱ्यावरचं बंद पडलेलं प्रार्थनाघर विकत घेऊन त्यात राहते. दर गुरुवारी मोठ्या बाजाराची व्हॅन तिच्या दारात सामान घेऊन येते, म्हणजे आमच्याच दारात, कारण तिच्या दारात गाडी लावायला जागा नाही. त्या व्हॅनमुळे आमचा पाववाला दर गुरुवारी अर्धा तास खोळंबतो. फिलिपा आमच्याकडून आठवड्याला एक लिंबू घेते. एक. ते व्हॅनवाले विसरतात म्हणून.

ह्या सगळ्यांच्या डोक्यात कोपऱ्यावरच्या दुकानाच्या प्रेमाचं भूत कुठून शिरलं, तेही मला माहीत आहे. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर एक मालिका लागायची, कोपऱ्यावरच्या दुकानाची. तपकिरी डगला घातलेला गोरा, गोल दुकानदार. दारावर पितळी घंटी. बरण्यांत गोळ्या. गिऱ्हाईक आलं की हा गप्पा मारतो, हसवतो, म्हाताऱ्यांना हात धरून दाराशी पोचवतो. त्याच्या दुकानात कुणी चोरी करत नाही. शुक्रवारी बिअर ढोसून कुणी काउंटरवर ओकत नाही. पहाटे साडेचारला उठून वर्तमानपत्रांवर घरांचे नंबर घालताना तो कधी दिसला नाही, आणि त्याला बिचाऱ्याला कधी संडासलाही जावं लागत नाही. आम्ही दोघं एकेचाळीस वर्षांत एक जेवण सलग जेवलो नाही. दोन घास खाल्ले की दार वाजणार. पण ते कोण दाखवणार, डोंबल.

खरं दुकान कसं होतं ते एड्नाला विचारा. एड्ना चौऱ्याऐंशीची, समोरच्याच घरात जन्मलेली. आमच्या आधी इथे व्हिटल नावाचा गोरा वाणी होता, तपकिरी डगलेवालाच. तो म्हणे गिरणीतल्या बायकांना मुद्दाम शेवटी द्यायचा, आणि कुणी काय घेतलं ते सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडून सांगायचा. एड्नाची आई त्याला घाबरून पलीकडच्या गल्लीत जायची. आम्ही आलो त्या वर्षी आमची काच तीनदा फुटली. एड्नानंच एकदा कबूल केलं, की पहिली दोन वर्षं तीही आमच्या दारावरून मान फिरवून जायची. मग एका हिवाळ्यात बर्फ पडलं, तिला लांब जाववेना, आणि ती आत आली. दुकानाविषयी कुणी माझ्याशी खरं बोललं असेल तर ही एकटी.

आता माझा मूर्खपणा सांगते. एप्रिलमध्ये फिलिपा एक निळी फाइल घेऊन आली आणि म्हणाली, ही जरा काउंटरवर राहू दे हं, जेसी. सगळ्यांच्या सह्या हव्यात. तुझ्यासाठी आणि डेरेकसाठी आहे, पण तू आत बघायचं नाहीस, गंमत आहे.

आमच्या ह्या देशात एक रीत आहे. कुणी नोकरी सोडून किंवा गाव सोडून चाललं, की एक मोठं कार्ड गुपचूप सगळ्यांच्या हातून फिरवतात, प्रत्येकजण त्यावर दोन ओळी लिहितो, आणि जाणाऱ्यानं ते आपल्याला दिसतच नाहीये असं सोंग करायचं असतं. चाळीस वर्षांत अशा शंभर कार्डांवर मी सह्या केल्या आहेत. मला वाटलं, आता आपली पाळी आली. खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला. मी लॉटरीच्या मशीनशेजारची जागा रिकामी करून दिली, स्टॉकमधलं नवं पेन काढून दोऱ्यानं बांधलं, आणि कुणी सही करायला लागलं की तोंड फिरवून सिगरेटची पाकिटं लावत बसायची. लोक सही करायचे, माझा हात दाबायचे, म्हणायचे, तुमच्याशिवाय आम्ही काय करू. कुणाकुणाचे डोळे पाणावले. एड्नाला सहीची रेघ दिसेना तर तिलासुद्धा मी चष्मा आणून दिला. आणि आभार म्हणून तीन रविवार बसून चिवडा केला, कागदी पिशव्यांत भरला, लाल फितीनं बांधला, आणि ज्यानं ज्यानं सही केली त्याला एकेक पुडा दिला. दोनशे त्रेचाळीस पुडे.

जूनमध्ये कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं. ह्यांनी दोनदा वाचलं, मग माझ्याकडे दिलं. दोनशे त्रेचाळीस रहिवाशांनी अर्ज केला होता, की हे दुकान म्हणजे गल्लीचा ठेवा आहे आणि ते वाचलं पाहिजे. अर्ज मान्य झाला होता. दुकान कौन्सिलच्या यादीत गेलं होतं. आता सहा महिने आम्हाला ते काशालाही विकता येणार नव्हतं आणि दुसऱ्या कुणालाही नाही. त्या मुदतीत गल्लीच्या मंडळानं वर्गणी जमवून स्वतः विकत घ्यायचं, अशी सोय होती. मंडळाची अध्यक्ष, फिलिपा. सोबत सह्यांची नक्कल जोडलेली. सगळ्या माझ्या पेनानं केलेल्या.

मी तशीच चपलांनिशी प्रार्थनाघरात गेले. फिलिपानं मला मिठी मारली. तिला वाटलं, मी आभार मानायला आलेय. मी म्हटलं, अगं बाई, आम्हाला जायचंय, ह्यांना जिना चढवत नाही, मोरकॅमची बाई ऑगस्टपर्यंतच थांबणार आहे. ती म्हणाली, कळतं मला, पण तुम्ही दोघं म्हणजे ह्या गल्लीचा आत्मा आहात. मी विचारलं, मंडळ दुकान घेणार कधी? त्यावर तिनं सांगितलं, की केकविक्री ठेवली आहे. आणि डेरेकला जिना झेपत नसेल तर तो खाली राहतोच आहे की, आपल्या वस्तूंमध्ये, ते किती छान आहे. ही बाई मूर्ख असती तर मी सोडून दिलं असतं. शिकलेली आहे, चष्मा लावून जाडजाड पुस्तकं वाचते. तिला दिसत होतं सगळं, फक्त तिला जे हवं होतं तेच ती बघत होती.

एड्ना दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन उभी राहिली. तिलाही कार्डच वाटलं होतं. मी तिथे 'सुखी राहा' लिहिलंय गं, म्हणाली. सह्यांच्या नकलेत मी बघितलं. खरंच लिहिलं होतं, वाकड्या अक्षरात, रकान्याच्या बाहेर.

मग टीव्हीवाले आले. तेही फिलिपानंच आणले. कुठल्याशा वाहिनीचा कार्यक्रम होता, नाहीशी होत चाललेली जुनी दुकानं दाखवायची म्हणे. मला हाकलूनच द्यायचे होते. पण मी विचार केला, सगळा देश बघतो, तर आपण कॅमेऱ्यासमोर सरळ सांगून टाकावं. एवढ्या लोकांसमोर लाज वाटून तरी मंडळ अर्ज मागे घेईल, आणि ऑगस्ट संपायला अजून सहा आठवडे होते. म्हणून मी हो म्हटलं. हेही माझंच डोकं.

जुलैच्या एका मंगळवारी सकाळी आठजण आले. त्यांचा मुख्य ऑलिव्हर, तिशीचा, दाढीवाला, बोलायला लोण्यासारखा. त्यानं दुकानात एक चक्कर मारली आणि म्हणाला, अप्रतिम, फक्त थोडं आवरूया. मग त्यांनी लॉटरीचं मशीन झाकलं. फोनची कार्डं काढली, तांदळाची पोती मागे नेली, मिरचीची पाकिटं नेली, आमचा गणपती नेला. त्यांच्या जागी बरण्या ठेवल्या आणि जुन्या चित्रांचे डबे ठेवले, आतून रिकामे. दारावर पितळी घंटी ठोकली. ह्यांना तपकिरी डगला चढवला. मी पँट आणि स्वेटर घालून उभी होते, चाळीस वर्षं घालते तेच. ऑलिव्हरनं मला बाजूला घेऊन विचारलं, साडी आहे का तुमच्याकडे. मी म्हटलं, आहे, लग्नाची. म्हणाला, नको मग, तुमच्याशी आपण बाहेर बोलू.

बाहेर भिंतीपाशी मला उभी केलं. एका मुलीनं विचारलं, ह्या दुकानाविषयी काय वाटतं. मी पाठ करूनच ठेवलं होतं. कॅमेऱ्याकडे बघून मी म्हटलं, "एकेचाळीस वर्षं झाली. आता आम्हाला इथून जायचंय. माझ्या नवऱ्याला हा जिना जिवावरचा आहे, डॉक्टरांनी लिहून दिलंय. ज्यांना दुकान हवंय त्यांनी ते विकत घ्यावं, नाहीतर आम्हाला विकू द्यावं. आमच्यावर प्रेम करू नका, सोडा आम्हाला." आणि मला रडू फुटलं. मुलीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, फार सुंदर बोललात.

डोळे पुसून आत आले, तर हे काउंटरमागे नाहीत. जिन्याकडे सगळे जमलेले, दिवे लावलेले. ऑलिव्हर वर बघून म्हणत होता, "अजून एकदाच, डेरेक. फक्त जरा हळू उतर, आणि हसून."

सकाळी दुकानदार उठतो, जिना उतरतो आणि दुकान उघडतो, असं दृश्य त्यांना हवं होतं. माझं बाहेर चाललं होतं तेवढ्यात ह्यांना वर चढवून त्यांनी दोनदा उतरवलं होतं, आणि आता ही तिसरी खेप. आणि हे चढले. का चढले? कारण गिऱ्हाइकाला ह्या माणसानं जन्मात नाही म्हटलेलं नाही. रविवारी दुपारी तीनला जेवणावरून उठून ह्यांनी लोकांना शिसपेन्सिली विकल्या आहेत. मी माणसं ढकलून जिन्याच्या तोंडाशी पोचले, तर हे मधल्या पायरीवर बसलेले. एक हात कठड्याला, दुसरा छातीवर, ओठांना निळी झाक, आणि तोंडावर ते गिऱ्हाइकांचं हसू तसंच. मी ओरडले की दिवे बंद करा. कॅमेरा बंद झाला नाही. ऑलिव्हर कुजबुजला, हे फार खरं आहे.

हे सहा दिवस इस्पितळात होते. ऑलिव्हरनं फुलं पाठवली.

मोरकॅमच्या बाईचा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात फोन आला. बिचारी दोनदा माफी मागून म्हणाली, दुसऱ्यांना दिलं घर. काशा त्याआधीच आली होती. तिला बाजाराजवळ गाळा मिळाला होता, बँक थांबत नव्हती. जाताना ह्यांच्यासाठी खसखशीचा केक ठेवून गेली. तिच्यावर मला राग नाही.

ऑक्टोबरात कार्यक्रम लागला. फिलिपानं प्रार्थनाघरात मोठा पडदा लावला, साठेक माणसं बोलावली, आम्हाला पहिल्या रांगेत खुर्च्या. मी जाणार नव्हते. पण मला बघायचंच होतं, की माझं बोलणं ऐकून लोकांची तोंडं कशी होतात. दिवे मालवले. पडद्यावर आमचं दुकान आलं, ओळखूच येईना. घंटी वाजली. मग मी आले. मी म्हटलं, "एकेचाळीस वर्षं झाली." आणि लगेच मी रडायला लागले. मधलं सगळं गायब. अंधारात कुणीतरी हुंदका दिला.

मग मालाच्या खोलीतली खाट दाखवली. मागे सारंगीसारखं काहीतरी रडत होतं आणि निवेदक सांगत होता, की डेरेक आजही आपल्या मालाच्या कुशीतच झोपतो, दुकानापासून लांब त्याला झोपच येत नाही. मग हे जिना उतरताना. एकेक पायरी, हळू, हसत. मधे बसले. छातीवर हात. निवेदक म्हणाला, दमतो, पण थांबत नाही. सगळ्या प्रार्थनाघरानं टाळ्या वाजवल्या. उभं राहून वाजवल्या. माझे हे शेजारी बसून, गिऱ्हाइकांशी बोलायच्या सवयीनं, मान लववत होते, थँक्यू, थँक्यू, लव्ह, थँक्यू.

एकटी एड्ना बसून राहिली होती. टाळ्यांच्या वरताण आवाजात तिनं म्हटलं, "अरे, त्याचा रंग बघा. निळा पडलाय तो." शेजारच्या बाईनं तिला गप्प केलं.

दुसऱ्या शनिवारपासून लोक यायला लागले. प्रेस्टनहून, ब्लॅकबर्नहून, गाड्या करून. दारावरची घंटी वाजवायचे, फोनवर फोटो काढायचे, बरण्या कुठे गेल्या विचारायचे, लॉटरीचं मशीन बघून हिरमुसले व्हायचे. आत तपकिरी डगला शोधायचे आणि स्वेटरमधल्या ह्यांना बघून, हाच का तो, म्हणायचे. विकत घेतलं कुणी काही? पाण्याची बाटलीसुद्धा नाही. एकानं मला विचारलं, तुम्ही इथे काम करता का.

त्या रविवारी मी ते कौन्सिलचं पत्र पुन्हा काढलं आणि शब्द न् शब्द वाचलं. विकायला बंदी, असं लिहिलं होतं. बंद करायला बंदी आहे, असं कुठेच नव्हतं. सोमवारी वर्तमानपत्रवाल्याला, दूधवाल्याला, पाववाल्याला फोन करून सांगितलं, उद्यापासून येऊ नका. ह्यांनी विचारलं, जसु, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, म्हणू दे. उरलेला माल गरिबांना अन्न वाटणाऱ्या संस्थेची गाडी घेऊन गेली. थोडा एड्नाकडे पोचवला, आणि तिचं दूध मी माझ्या दुधाबरोबर आणीन असं तिला सांगितलं. मग दोन माणसं बोलावून दर्शनी खिडकीतल्या फळ्या काढल्या, वरचा आमचा पलंग खाली आणला आणि तिथेच, काचेला लावून, मांडला. अंघोळीला काउंटरमागे बादली आणि तांब्या. केनियात, नाकुरूला, लहानपणी आम्ही तसंच करायचो, काही बिघडलं नाही. गणपती परत जागेवर आला. ह्यांच्या अंगावर दोन वर्षांनी सकाळचं ऊन पडलं. पहिल्या दिवशी हे सव्वाआठपर्यंत झोपले.

गुरुवारी व्हॅन आली. पाठोपाठ फिलिपा, हातात पाकीट. व्हॅनवाले नेहमीसारखे विसरले असणार. तिनं दार ढकललं, ती घंटी किणकिणली, आणि हे झोपेतून कोपरावर उठून म्हणाले, "काय देऊ, लव्ह?"

फिलिपा पलंगाकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "जेसी, हे काय? हे दुकान आहे. इथे असं राहता येत नाही."

"विकायला बंदी आहे," मी म्हटलं. "झोपायला नाही. बस ना, चहा घेतेस?"

"पण आम्ही काय करायचं?" तिचे डोळे भरून आले होते. खोटे नव्हते ते, हीच तर चीड येते. "तुमच्यासाठी आम्ही एवढं केलं."

"दर गुरुवारी व्हॅन येते ना," मी म्हटलं. "त्यांना सांग, लिंबू विसरू नका."

ती गेली. मी स्टूल घेऊन वर चढले आणि टीव्हीवाल्यांची ती घंटी उपटून काढली. मग एक कार्ड लिहिलं. आमच्या खिडकीत लोक छोट्या जाहिरातींची कार्डं लावायचे, बाबागाडी विकणे आहे, मांजर हरवलं आहे. चाळीस वर्षं मी ती लावून घेतली, कधी कुणाला नाही म्हटलं नाही. हे पहिलंच माझं. 'हवं आहे: तळमजल्यावरचं घर. माणसं दोन. जिना नको.' काचेला आतून चिकटवलं, पलंगाच्या बरोबर वर. पडदा लावायचा नाही, असं मी ठरवलं होतं. बघू दे सगळ्यांना. एवढ्या लांबून येतात, तर खरं काय ते बघून जाऊ दे.

शनिवारी एक जोडपं आलं, पन्नाशीचं, अंगावर महागाची जाकिटं. दार बंद बघून काचेला नाक लावून उभे राहिले. कार्ड वाचलं. बाई नवऱ्याला म्हणाली, मला आतून ऐकू आलं, "अय्या, किती गोड." मग त्यानं फोन वर केला, कार्ड आणि खाली झोपलेले हे, दोन्ही एका फोटोत येतील असा.

काचेवर त्याचं बोट टकटक वाजलं असावं. ह्यांनी डोळे उघडले. बाहेर माणसं दिसली तसे उशीवरून मान उचलून हसले, तेच हसू, आणि हात हलवला. त्या दोघांनीही हलवला. मग हे पांघरूण बाजूला करून पाय खाली सोडायला लागले. गिऱ्हाईक उभं आहे, जसु, म्हणाले, दार उघड.

मी ह्यांना धरून परत झोपवलं आणि वरून जुनी चादर आणून खिळ्यांनी खिडकीला ठोकली.